बऱ्हाट्यांचा अर्धा र

एसटीतून उतरलो आणि सांगली स्टँडसमोरच्या चौकात मला माझाच फ्लेक्स दिसला. 'कै. भालचंद्र बऱ्हाटे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली 'ऐसपैस परिवार'.

"अहो," मालती म्हणाली, "हे तुम्ही?"

"थांब जरा. ऱ्हा बघ."

"काय बघू?"

"बऱ्हाटेमधला ऱ्हा. कसा बसलाय बघ."

"तुम्ही मेलाय तिथं! आणि ऱ्हा काय बघताय?"

खरं सांगतो, मेल्याचं माझ्या डोक्यात नंतर शिरलं. आधी दिसला तो ऱ्हा. मी काढलेला, माझ्या वळणाचा, चांगला वीतभर उंच. फोटोत माझं तोंड अर्धवट उघडं होतं, कारण तो मिसळ खाताना काढलेला होता. मिसळ कापून टाकली होती, तोंड तसंच ठेवलं होतं. पण आडनाव बिनचूक होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

आता हे ऐसपैस काय ते सांगायला पाहिजे. ऐसपैस हा आमचा फॉन्ट. फुकट आणि खुला. कुणीही अक्षर काढून द्यावं, कुणीही वापरावं. मी आणि अनंत सबनीस, आम्ही दोघांनी तो सुरू केला. दोघंही लग्नपत्रिका जुळवणारे, वेगवेगळ्या प्रेसमध्ये. विकतचे फॉन्ट चोरून वापरायचा कंटाळा आला म्हणून एका मिसळवाल्याच्या टेबलावर ठरवलं की आपलाच करू.

"नियम कडक पाहिजेत," अनंत म्हणाला होता. "नाहीतर लोक म्हणतील, दोन दोस्तांचं दुकान आहे."

"मग लिही," मी म्हणालो. "अक्षराबद्दल काय बोलायचं ते चव्हाट्यावर. फोन नाही, घरी जाऊन नाही, चहा पाजून नाही."

"चहा पाजून तरी चालू दे."

"नाही."

चव्हाटा म्हणजे आमच्या वेबसाइटवरचं चर्चेचं पान. नाव मीच ठेवलं होतं.

"आणि अजून एक," मी म्हणालो. "तपासनिसांनी मान्य केलं तरी ज्याचं अक्षर आहे त्याचा शेवटचा होकार आल्याशिवाय ते घ्यायचं नाही. माणसाचं अक्षर आहे, रस्त्यावर पडलेलं नाही."

"हे चांगलं आहे," अनंत म्हणाला आणि माझ्या वाटीतली शेव खाल्ली.

पुढं माणसं वाढली. तपासनीस दोन झाले, अनंत आणि आंबेकर बाई. बाई शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी आमच्या नियमांची आचारसंहिता केली आणि इंग्रजी शब्द दिसला की झुरळ दिसल्यासारखा मारला. अक्षर फॉन्टमध्ये घेतलं की बाकीचं जग 'मर्ज' म्हणतं, आमच्याकडं ते 'विलीन' झालं. बॉटचा 'यंत्रदूत' झाला. चव्हाट्यावर सगळ्यांनी सगळ्यांना अहोजाहो करायचं, एकेरी आलं की बाई समज द्यायच्या. अन्या आणि भाल्या म्हणून कॉलेजात एका ताटात जेवलेले आम्ही तिथं श्री. अनंत आणि श्री. भालचंद्र झालो.

नुसतं भालचंद्र का, तर ऐसपैसमध्ये माझं आडनाव लिहिताच येत नव्हतं. 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या' यातला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र आमच्याकडं नव्हता. त्याशिवाय 'बऱ्हाटे'चं 'बर्हाटे' व्हायचं, आणि बाई ते छापू देत नसत. बाकीचे लोक तो र टाळून लिहायला शिकले. 'गाणाऱ्या मुली' लिहायचं असलं की 'ज्या मुली गातात त्या' असं लिहायचे. आडनाव कसं टाळणार?

म्हणून तो र मी काढला. बाईंनी लगेच मान्य केला. अनंतनं परत पाठवला. मी सुधारून दिला, त्यानं परत पाठवला. चव्हाट्यावर आमचा संवाद असा चालायचा:

'श्री. भालचंद्र, आपला र पापणी वाटत नाही, कुऱ्हाड वाटते.'

'श्री. अनंत, कुऱ्हाड लिहायलाही आपल्याला माझाच र लागेल.'

'परत. पुनर्विचारार्थ.'

आणि संध्याकाळी मी त्याच्याच स्कूटरवर मागं बसून घरी यायचो. रबद्दल बोलायची बंदी, त्यामुळं आम्ही गवारीच्या भावाबद्दल बोलायचो. गवारीबद्दल इतकं बोललेली दोन माणसं सांगली जिल्ह्यात दुसरी नसतील.

शेवटी वैतागून मी पूर्णविराम नवीन काढून दिला. सोबत लिहिलं, 'निदान हा ठिपका तरी मान्य करावा.' अनंतनं तो मान्य केला. मी होकार दिला आणि मालतीच्या भाचीच्या लग्नाला चांदोलीकडच्या डोंगरात निघून गेलो. तिथं वऱ्हाड होतं, रेंज नव्हती.

त्याच सकाळी तौसिफनं यंत्रदूत सुरू केला. तौसिफ मोमीन, मिरजेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आमच्या कामाची सगळी तांत्रिक बाजू त्याच्याकडं. एखादं अक्षर घेतलं की यंत्रदूतानं व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचं: आधी अक्षर देणारा, मग अक्षर, मग तपासनीस, मग निकाल. शिवाय देणाऱ्याचा फोटो, गोल चौकटीत, ऐसपैसच्या झेंडू रंगाची कड लावून.

यंत्रदूतानं आयुष्यातला पहिला संदेश टाकला.

'भालचंद्र. पूर्णविराम. अनंत. विलीन.'

आता तुम्हीच सांगा.

पहिला नमस्काराचा हात कुणीतरी टाकला आणि मग हातांचा पूर आला. 'विश्वास बसत नाही.' 'कालच बोलणं झालं होतं.' मला फोन लावले, तर मोबाईल कंपनीची बाई सांगायची की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. लोकांना वाटलं, कंपनीनंही दुजोरा दिला. एकजण घरी जाऊन आला. शेजारच्या पाटीलकाकूंनी सांगितलं, "पहाटेच गावाकडं नेलं त्यांना मेव्हण्यानं, गाडी करून." काकूंचं काही चुकलं नव्हतं. मेव्हण्यानं नेलंच होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त फ्लेक्सखाली उभा होतो.

"खाली काय लिहिलंय वाचा," मालती म्हणाली. "शोकसभा आज पाच वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये. पाच वाजतच आलेत. चला."

"कुठं?"

"तुमच्या सभेला! लोक ताटकळलेत तिथं."

गेलो. मालतीच्या हातात लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा पुडा. हॉलच्या मागच्या दारातून आत शिरलो तर स्टेजवर माझा तोच तोंड उघडा फोटो, हार, उदबत्ती, आणि माईकवर एक गृहस्थ.

"परवाच मला म्हणाले," ते गृहस्थ सांगत होते, "माझं आता काही खरं नाही."

"कोण हा?" मालती कुजबुजली.

"माहीत नाही."

"मग त्याला कशाला सांगितलंत?"

तेवढ्यात बाईंनी मला पाहिलं. बाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि उभ्या राहिल्या.

"श्री. भालचंद्र," त्या म्हणाल्या, "आपण हयात आहात?"

"हो बाई."

"मग कळवायला नको?"

सगळा हॉल मागं वळला. एक बाई खाली बसली. माईकवरचे गृहस्थ म्हणाले, "मी भाषण पाठ करून आलो होतो हो," आणि असे काही खट्टू झाले की मलाच वाईट वाटलं.

अनंत पहिल्या रांगेत होता. तो उठून आला. माझं मनगट धरलं आणि तसाच उभा राहिला.

"नाडी बघतोयस काय रे?" मी म्हणालो.

लोक हसले. त्यानं हात सोडला.

मग चौकशी सुरू झाली. मोबाईल वर-वर सरकवत तौसिफ यंत्रदूताच्या संदेशापर्यंत पोचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"सर, हे तर पूर्णविरामाचं आहे. पूर्णविराम घेतला, अनंतसरांनी तपासला."

"मग तुला सकाळीच कळलं नाही?"

"मी लोकांचे मेसेज आधी बघितले. मला वाटलं बाहेरून कळलंय. माझ्या बॉटमुळं गेलात असं कसं वाटेल?"

"यंत्रदूत," बाई म्हणाल्या.

"यमदूत म्हणा बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि अनंतराव, तुम्हाला?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"मला तुमचाच फोन आला," अनंत बाईंना म्हणाला. "तुम्ही रडत होता. मी कशाला ग्रुप बघतोय?"

एव्हाना मला मजा यायला लागली होती. मी सगळ्यांना म्हणालो, "झालं ते झालं. फ्लेक्स मात्र झकास आहे. माझा र घेतलात, आनंद झाला."

बाईंनी घसा साफ केला.

"त्याचं असं आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या संस्थेचा फ्लेक्स आपल्याच फॉन्टमध्ये हवा, हा नियम. आपल्या फॉन्टमध्ये आपलं आडनाव येत नाही. 'बर्हाटे' मी छापू देणार नाही. म्हणून श्री. अनंत यांनी सकाळी आपला र मान्य केला. मरणोत्तर."

"मान्य केलास?" मी अनंतकडं वळलो.



"आता प्रश्न असा," बाई म्हणाल्या, "मरणच रद्द झालं, तर मरणोत्तरचं काय करायचं?"

हे त्या चेष्टेनं बोलत नव्हत्या. त्यावर रीतसर चर्चा झाली. एकजण म्हणाला, घेतलंय तर राहू दे. दुसरा म्हणाला, भालचंद्ररावांचा होकार कुठं आहे? तिसरा म्हणाला, मेलेला माणूस होकार कसा देणार? चौथा म्हणाला, पण मेलेले नाहीत ना! मी म्हणालो, "माझा होकार आहे, आत्ता देतो." बाई म्हणाल्या, "होकार चव्हाट्यावर द्यावा लागतो, आणि तोही वैध मान्यतेनंतर. श्री. अनंत, आपली मान्यता कायम आहे का?"

सगळे अनंतकडं बघायला लागले. मीही बघत होतो. एक शब्द होता. माझं नाव माझ्याच फॉन्टमध्ये लिहिता येणार की नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"नाही," अनंत म्हणाला. "परत घ्या."

"काय?"

"परत घ्या. मी मेलेल्या माणसाला मान्य केलं होतं."

"म्हणजे मेल्यावर चालतो," मी म्हणालो, "आणि जिवंतपणी नाही?"

"तसं नाही."

"मग कसं? सांग की, सगळे आहेत."

"इथं नाही. चव्हाट्यावर लिहीन."

"अन्या, मी समोर उभा आहे तुझ्या!"

"नियम तुझाच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. मला वाटलं, माज आहे.

"मग लिही तुझ्या चव्हाट्यावर," मी म्हणालो. "मी बघायला येणार नाही. मी माझी वेगळी चूल मांडतो. तुम्ही आता मला खरंच मेला समजा."

आणि निघालो. दारात मागं वळून बघितलं, तर मालती लाडू वाटत होती. आणि लोक खात होते.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते ग्रुप सोडण्याचं. मग चव्हाट्यावरून येणाऱ्या मेल बंद केल्या. दूधवाल्यानं दूध बंद केलं होतं, ते परत सुरू करायला मात्र मला स्वतः जाऊन दिसावं लागलं.

वेगळी चूल मांडली. सगळी अक्षरं ऐसपैसचीच, वर माझा र. खुल्या कामात तशी मुभाच असते. पण त्या चुलीवर साधा चहासुद्धा उकळला नाही. एका बँडवाल्यानं गाडीवर माझा फॉन्ट वापरला आणि आमच्या दाराची पाटी मी त्यात केली. बस्स. एकट्यानं अक्षरं काढायची, एकट्यानं मान्य करायची, आणि मग एकट्यानंच स्वतःला होकार द्यायचा. शेवटी मी स्वतःचीच अक्षरं परत पाठवायला लागलो, पुनर्विचारार्थ. तेव्हा बंद केलं.

अनंत गावातच होता. मंडईत दिसायचा. तो गवार निवडत असला की मी वांग्यांकडं वळायचो. एकदा त्यानं मान वर केली होती, काही बोलणार असं वाटलं. मी वांगी मोजायला लागलो. वांगी कोण मोजतं?

अशी बारा वर्षं गेली. गेल्या वर्षी मार्गशीर्षात सकाळी तौसिफचा फोन आला.

"सर, अनंतसर गेले."

"बॉटनं सांगितलं काय रे?" मी म्हणालो.

तो हसला नाही. "नाही सर. मी दवाखान्यातून बोलतोय. झोपेतच गेले."

अमरधामहून परत येताना तौसिफ म्हणाला, "सर, दुकानात येता का जरा? फ्लेक्स करायचाय. अडलंय."

त्याचं दुकान आता मोठं झालं होतं, दोन मुलं हाताखाली. त्यानं स्क्रीनवर मजकूर दाखवला. आंबेकर बाईंनी अंथरुणावरून फोनवर सांगितलेला. 'अक्षरांना जीव लावणाऱ्या अनंत सबनीस यांना...' आणि 'लावणाऱ्या'च्या मध्ये एक रिकामी चौकट.

"अजून र नाही?" मी म्हणालो. "बारा वर्षांत? दुसऱ्या कुणाचा घ्यायचा ना!"

"एका अक्षराचा अर्ज उघडा असला की दुसऱ्याचा घेता येत नाही सर. सगळे टाळूनच लिहितात. बाईंना म्हटलं, 'जीव लावला ते अनंत' असं करू का? तर ओरडल्या."

"कुणाचा अर्ज उघडा आहे?"



"तुमचा सर," तो म्हणाला. "तुमचा होकार बाकी आहे."

त्यानं चव्हाटा उघडला. माझाच अर्ज. सगळ्यात वर माझी कुऱ्हाड, त्याच्या खाली 'मरणोत्तर मान्य', मग 'मान्यता मागे', आणि मग दुसऱ्या दिवशीच्या तारखेला अनंतचं लिहिणं:

'श्री. भालचंद्र, आपला र लहान असताना मला कळला नाही. काल फ्लेक्सवर मोठा झाल्यावर कळला. वळण बरोबर आहे, माझं चुकलं. पण मेल्यावर दिलेलं मान्य म्हणजे पिंडाचा भात, तो मी आपल्याला देणार नाही. आपण हयात आहात, म्हणून हयातीत देतो. मान्य. आपला होकार द्यावा.'

मी खुर्चीत बसलो.

"मला कुणी सांगितलं का नाही रे?"

"खाजगीत सांगायचं नाही असा नियम होता ना सर," तौसिफ म्हणाला. "मी एकदा निघालो होतो तुमच्याकडं. अनंतसरांनीच अडवलं. म्हणाले, त्याचा नियम आहे, तो मोडला तर आणखी चिडेल. येईल तो वाचायला."

खाली दर पाडव्याला एकेक ओळ होती. 'श्री. भालचंद्र, स्मरणपत्र.' 'श्री. भालचंद्र, स्मरणपत्र.' तशाच खाली खाली गेल्या होत्या. शेवटची ओळ त्याच वर्षीच्या पाडव्याची.

'भाल्या, हो म्हण की लेका.'

आणि त्याच्याखाली, त्याच दिवशी, आंबेकर बाई: 'एकेरी संबोधन. आचारसंहितेचा भंग. श्री. अनंत यांना समज देण्यात येत आहे.'

तौसिफनं की-बोर्ड माझ्याकडं सरकवला. माझं खातं कुणी बंद केलं नव्हतं. 'होकार' लिहिलेलं हिरवं बटण बारा वर्षं तसंच होतं. मी ते दाबलं.

स्क्रीनवरची रिकामी चौकट भरली. 'लावणाऱ्या'. मी बघत राहिलो. खरं सांगतो, थोडी कुऱ्हाड वाटत होती.

तेवढ्यात तौसिफचा मोबाईल वाजला. मग काउंटरवरचा दुसरा, मग दुरुस्तीला आलेल्यातले दोन-तीन. यंत्रदूत जागा झाला होता. झेंडूच्या रंगाची कड, आत मिसळ खाताना तोंड उघडलेला मी, आणि खाली:

'भालचंद्र. अर्धा र. अनंत. विलीन.'

नमस्काराचे हात यायला लागले. मालतीचा फोन आला, दूधवाला विचारतोय म्हणून. त्याच्यामागोमाग आंबेकर बाईंचा. आवाज अगदी बारीक झाला होता.

"श्री. भालचंद्र, आपण हयात आहात ना?"

"आहे बाई."

"मग हे यंत्रदूताचं परत चुकलं."

"नाही बाई," मी म्हणालो. "या वेळी त्याचं बरोबर आहे. परत वाचा."

बाईंनी वाचलं असावं.

"मी त्यांना समज दिली होती," त्या म्हणाल्या. "पाडव्याला. ती मी मागे घेते."

"मला सांगू नका बाई," मी म्हणालो. "चव्हाट्यावर लिहा."